मास इफेक्ट : मूळ त्रयी खेळावी की लेजेंडरी एडिशन?

'मास इफेक्ट' नव्याने खेळायला घेणाऱ्यासमोरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 2007 ते 2012 या काळात एकेक करून आलेले मूळ तीन गेम खेळायचे, की त्या तिघांची डागडुजी करून 14 मे 2021 ला एकत्र आणलेली लेजेंडरी एडिशन घ्यायची? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच खेळणार असाल तर लेजेंडरी घ्या. मूळ गेमच बरे पडतील असेही काही खेळाडू आहेत आणि त्यांची कारणं खोटी नाहीत. तुम्ही त्यांच्यात मोडता का, हे ठरवायला पुढचं सगळं उपयोगी पडावं.

आधी ही मालिका कशाची आहे ते थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीची ही निर्मिती. काळ 2183 चा. माणूस नुकताच आकाशगंगेच्या राजकारणात दाखल झालाय आणि तिथल्या जुन्या जमाती त्याला अजून पुरतं मोजत नाहीत. तुम्ही कमांडर शेपर्ड. स्त्री की पुरुष, चेहरा कसा, पूर्वायुष्य कोणतं हे तुम्ही ठरवायचं. हाताशी नॉर्मंडी हे जहाज, सोबत वेगवेगळ्या ग्रहांवरचे साथीदार, आणि समोर रीपर नावाची महाकाय यंत्रं, जी दर सुमारे पन्नास हजार वर्षांनी येऊन सगळी प्रगत संस्कृती पुसून टाकतात.

अशी गोष्ट इतर गेममध्येही सापडेल. मास इफेक्टचं वेगळेपण सेव्ह फाइलमध्ये आहे. पहिल्या गेममध्ये तुम्ही जे ठरवलं ते दुसऱ्यात जातं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. व्हर्मायर ग्रहावर रेक्स नावाचा क्रोगन साथीदार बंदूक घेऊन तुमच्यासमोर उभा राहतो आणि त्याचं काय होणार हे तुमच्या बोलण्यावर ठरतं. तो वाचला तर दोन गेमनंतर क्रोगन जमातीचं नेतृत्व त्याच्या हाती असतं. नाही वाचला तर त्या जागी त्याचा भाऊ रीव्ह बसलेला असतो, आणि क्रोगनांच्या वंध्यत्वाच्या रोगावर इलाज करावा की नाही, या प्रश्नाचं वजनच पालटतं. पहिला गेम 2007 साली खेळलेल्या माणसाला आपल्या त्या पाच मिनिटांच्या संवादाचं फळ 2012 साली मिळालं. म्हणून कोणती आवृत्ती चांगली हे ठरवताना मी ग्राफिक्स दुय्यम मानतो. ही तिघांमधली साखळी कुठे न तुटता पार पडते, हे आधी बघतो.

साखळी कुठे तुटते

मूळ गेममध्ये ही साखळी बऱ्याच ठिकाणी तुटत होती. पहिला गेम नोव्हेंबर 2007 मध्ये फक्त एक्सबॉक्स 360 वर आला, पीसीवर मे 2008 मध्ये. प्लेस्टेशन 3 वाल्यांना तो मिळायला डिसेंबर 2012 उजाडला, म्हणजे तिसरा गेम येऊन गेल्यावर. त्यांनी मालिका दुसऱ्या गेमपासून सुरू केली आणि पहिल्या गेममधले निर्णय एका चित्रकथेतून चटचट बटणं दाबून घेतले. तिसरा गेम आला तेव्हा पहिल्या गेमपासून आणलेला शेपर्डचा चेहराच बऱ्याच जणांकडे नीट उचलला जात नव्हता. पाच वर्षं जपलेला चेहरा ऐन शेवटी बदललेला बघून लोक भयंकर चिडले होते. पुढे पॅचने, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीच्या अपडेटने, ते दुरुस्त झालं.

दुसरी अडचण जोडभागांची, म्हणजे डीएलसीची. मास इफेक्टमध्ये हे जोडभाग शोभेचे नव्हते. दुसऱ्या गेममधला 'लेअर ऑफ द शॅडो ब्रोकर' खेळला नाही तर तिसऱ्या गेममध्ये लियारा ही साथीदार एकदम वेगळ्याच हुद्द्यावर का दिसते, हे कळत नाही. 'अरायव्हल' खेळला नाही तर तिसरा गेम सुरू होताना शेपर्ड कामावरून बाजूला करून पृथ्वीवर व्हँकुव्हरमध्ये का ठेवलेला आहे, याचा उलगडा होत नाही. रीपर मुळात आले कुठून हे 'लेव्हायथन'मध्ये सांगितलंय. आणि साथीदारांसोबतचा शेवटचा मनमुराद वेळ 'सिटाडेल' या मार्च 2013 च्या भागात आहे, जो आजही पुष्कळ चाहत्यांचा सगळ्यात लाडका भाग आहे. हे सगळं त्या काळी सुटं विकलं जायचं, पीसीवर तर बायोवेअर पॉइंट नावाचं वेगळंच चलन विकत घ्यावं लागायचं.

याबाबतीत सगळ्यात जास्त राग होता तो जाविकवरून. जाविक हा प्रोथियन, म्हणजे ज्या नामशेष जमातीचे अवशेष पहिल्या गेमपासून आपण शोधत असतो तिचा जिवंत माणूस. तो तिसऱ्या गेमच्या पहिल्याच दिवशी वेगळे पैसे भरून घ्यायचा साथीदार म्हणून आला. असारी या जमातीच्या थेसिया या ग्रहावर त्याला सोबत नेलं तर तिथल्या देवळातल्या मूर्तींबद्दल तो जे बोलतो, त्याने असारींचा सगळा इतिहास उलटापालटा होतो. इतकं मोलाचं पात्र वेगळं विकायला ठेवणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

लेजेंडरीमध्ये हा घोळ संपतो. चाळीसहून अधिक जोडभाग, शस्त्रं आणि चिलखतांसकट, आतच आहेत. एकाच लाँचरमधून तिन्ही गेम उघडतात, एका गेमचा शेवट झाला की सेव्ह पुढच्यात सरळ उचलला जातो. शेपर्ड घडवण्याची पद्धतही तिन्हीत एकसारखी केली आहे. केस आणि त्वचेच्या रंगाचे पर्याय वाढवलेत, त्यामुळे आपल्यासारखा दिसणारा सावळा शेपर्ड करणं आता जमतं, आणि तो चेहरा शेवटपर्यंत तोच राहतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या : जुन्या गेमचे सेव्ह लेजेंडरीत आणता येत नाहीत. जुना शेपर्ड पुढे न्यायचा असेल तर तो जुन्यातच न्यावा लागतो.

पहिला गेम : खरा फरक इथेच

नव्या आवृत्तीवर झालेलं बहुतेक काम पहिल्या गेमवर झालंय, आणि चाहत्यांचे बहुतेक वादही त्यावरूनच आहेत.

मूळ 2007 चा गेम आज हातात घेतला तर पहिले काही तास जड जातात. नेम धरला तरी गोळी कुठेतरी भलतीकडे जाते, कारण तेव्हा अचूकता तुमच्या हातापेक्षा शेपर्डच्या कौशल्याच्या आकड्यांवर अवलंबून होती. स्नायपर रायफल सुरुवातीला इतकी डोलते की तिच्या वाटेला जाववत नाही. आपोआप सेव्ह होण्याच्या जागा इतक्या विरळ की एका चुकीने अर्धा तास पाण्यात जातो. सामानाच्या पिशवीत शंभर वस्तू गोळा होतात आणि त्या एकेक करून मोडीत काढत बसावं लागतं. लेजेंडरीत नेम सरळ लागतो, डोक्यात मारलेली गोळी डोक्यात मारल्यासारखी धरली जाते, कुठल्याही वर्गाचा शेपर्ड कुठलीही बंदूक वापरू शकतो, साथीदारांना वेगवेगळे हुकूम देता येतात, नको असलेल्या वस्तूंवर खूण करून त्या एकदम मोडीत टाकता येतात. आपोआप सेव्हही पुरेसे आहेत. जुनं गणित ज्यांना आवडायचं त्यांच्यासाठी 60 लेव्हलची जुनी चढण निवडायची सोय ठेवलीये. नवी 30 लेव्हलची चढण एकाच फेरीत पूर्ण होऊ शकते.

माको गाडीचा उल्लेख केल्याशिवाय पहिल्या गेमची चर्चा होत नाही. सहा चाकांची ही गाडी घेऊन ओसाड ग्रहांवर फिरायचं असतं. मूळ गेममध्ये ती चेंडूसारखी उसळायची, जरा चढ आला की कलंडायची. लेजेंडरीत तिला वजन दिलंय, मागून जोर देणारा थ्रस्टर बसवलाय, आणि गाडीतून शत्रू मारले की अनुभवाचे गुण कापले जायचे ती जुनी शिक्षाही काढली आहे. उसळणारी माकोच ज्यांना प्रिय आहे त्यांना सेटिंगमध्ये जुनं चालवणं परत लावता येतं. हा पर्याय ठेवणाऱ्या माणसाला या गेमची नाडी कळलेली होती.

लिफ्टचंही असंच. मूळ गेममध्ये लिफ्ट कूर्मगतीने चालायच्या, कारण त्या वेळात पुढचा भाग लोड व्हायचा. बायोवेअरनेच दिलेल्या उदाहरणात 52 सेकंदांची एक लिफ्ट आता 14 सेकंदांवर आली. पण त्या रखडणाऱ्या लिफ्टमध्येच साथीदार एकमेकांशी बोलायचे. गॅरस आणि टाली, रेक्स आणि ॲशली, त्यांची ओळख आपल्याला तिथे होत गेली. नव्या आवृत्तीत बोलणं तसंच ठेवलंय आणि घाई असेल तर बटण दाबून पुढे जाता येतं. तुम्ही पहिल्यांदा खेळत असाल तर ते बटण दाबू नका.

आता दिसण्याकडे वळू. एक साधा प्रसंग घेऊ, ज्यात एकही गोळी सुटत नाही. सिटाडेल या अवकाशनगरीत वकिलातींच्या भागात समेश भाटिया नावाचा माणूस भेटतो. त्याची बायको निराली सैनिक होती, ईडन प्राइमवरच्या हल्ल्यात ती गेली. ती ॲशलीच्याच तुकडीतली. सैन्याने तिचा देह अडवून ठेवलाय, कारण गेथ यंत्रमानवांच्या शस्त्रांनी होणाऱ्या जखमा अभ्यासल्या तर पुढे दुसऱ्या सैनिकांचे जीव वाचतील. समेशला फक्त तिच्यावर अंत्यसंस्कार करायचेत. जवळच लाउंजमध्ये अधिकारी बसलाय, त्याला त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. शेपर्डने कुणाची समजूत घालायची? दोघांपैकी कुणीही खलनायक नाही, आणि जे काही ठरवाल त्याने एकाला दुखावणारच. मराठी वाचकाला हा प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण देह ताब्यात मिळणं, संस्कार होणं याचं मोल आपल्या घरात समजावून सांगावं लागत नाही.

हा प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत शब्दशः सारखा आहे. पण एक्सबॉक्स 360 वर कॅमेरा समेशच्या चेहऱ्यावर गेला की आधी तो मेणाचा, धूसर दिसायचा आणि मग त्यावर त्वचेचे बारकावे चढायचे. अनरिअल इंजिन 3 ची ती तेव्हाची कुप्रसिद्ध खोड. बोलणाऱ्याचं दुःख चेहऱ्यावर उमटायच्या आधी वाक्य संपून जायचं. लेजेंडरीसुद्धा त्याच इंजिनवर आहे, पण चेहरा पहिल्या क्षणापासून पूर्ण दिसतो. डोळ्यांतला प्रकाश, सुरकुत्या, कपड्यांचा पोत, सगळं जागेवर. जेनिफर हेल आणि मार्क मीर या दोघांनी शेपर्डला दिलेले आवाज 2007 पासूनच इतके सकस आहेत की त्यांच्या तोडीचा चेहरा मिळायला 14 वर्षं लागली, असंच मी म्हणेन.

मग चाहत्यांची तक्रार कशाबद्दल? प्रकाशाबद्दल. ईडन प्राइम हा पहिला ग्रह. मूळ गेममध्ये तिथलं आकाश लालभडक, काळवंडलेलं होतं. उतरताक्षणी काहीतरी भयंकर घडून गेलंय असं वाटायचं. लेजेंडरीत तिथे सूर्य आहे, मावळतीचं ऊन आहे, जळलेली बांधकामं आहेत. बाजू मांडणारे म्हणतात की सुंदर ग्रह उद्ध्वस्त झालाय हे आता नीट दिसतं. विरोधक म्हणतात की ती घुसमट गेली. मला विरोधकांचं म्हणणं पटतं. 2007 चा तो भाग थोड्या रंगांत केलेला होता आणि त्या थोड्या रंगांमुळेच मनात रुतायचा. नवा ईडन प्राइम पाहताना मी चित्राची तारीफ करतो, पण भीती वाटत नाही. तुम्ही मूळ गेम खेळलेले असाल आणि तुम्हाला त्याची ती जडशीळ, दाणेदार, जुन्या विज्ञानपटासारखी छटाच प्रिय असेल, तर लेजेंडरीचा पहिला गेम तुम्हाला कुठेतरी उपरा वाटेल.

दुसरा गेम

इथे लिहिण्यासारखं फार नाही, आणि ते चांगलंच आहे. जानेवारी 2010 चा हा गेम मुळातच घट्ट बांधलेला होता. लेजेंडरीत तो अधिक स्वच्छ दिसतो, गोळ्या पूर्वीइतक्या लवकर संपत नाहीत, आणि मिरांडा या साथीदाराशी गंभीर विषयावर बोलणं चाललेलं असताना कॅमेरा तिच्या शरीराकडे घुटमळायचा ते काही ठिकाणी बदललंय. त्यावरूनही चाहत्यांत वाद झाले. मला बदल योग्य वाटतो : ती बहिणीच्या काळजीने बोलत असते, तेव्हा तिचा चेहराच दिसायला हवा.

एवढाच खेळायचा असेल तर जुना 2010 चा गेम सगळे जोडभाग घेऊन आजही पुरेसा आहे. पण फक्त दुसरा खेळणं म्हणजे शेवटच्या आत्मघातकी मोहिमेत कोण मरतं याची किंमत अर्धीच कळणं.

तिसरा गेम : शेवट आणि मल्टिप्लेअर

मार्च 2012 मध्ये तिसरा गेम आला आणि त्याच्या शेवटावरून जे वादळ उठलं ते गेमच्या जगात आजही आठवलं जातं. इतके निर्णय घेऊन शेवटी तीन रंगांचे तीन पर्याय, आणि त्यांतली दृश्यं जवळपास सारखीच. चाहत्यांनी 'रिटेक मास इफेक्ट' नावाची मोहीम काढली आणि रागाला विधायक वळण देत चाइल्ड्स प्ले या संस्थेसाठी 80 हजार डॉलरहून जास्त रक्कम जमवली. काहींनी बायोवेअरच्या ऑफिसात सुमारे 400 कपकेक पाठवले. वरती लाल, निळं, हिरवं आयसिंग, आत सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला. निषेधाची इतकी नेमकी कल्पना मी दुसऱ्या कुठल्या गेमबाबत पाहिलेली नाही.

त्या दबावामुळे जून 2012 मध्ये 'एक्स्टेंडेड कट' फुकट आला. त्याने शेवट बदलला नाही, पण प्रत्येक पर्यायानंतर कोणाचं काय झालं हे दाखवलं. मूळ गेम नुसत्या डिस्कवरून खेळलात आणि हे डाउनलोड केलं नाही, तर तुम्हाला 2012 चा तो उघडाबोडका शेवट मिळेल. लेजेंडरीत विस्तारित शेवट आधीपासूनच आहे. माझ्या मते नव्या खेळाडूने तोच बघावा.

मल्टिप्लेअरच्या बाबतीत मात्र पारडं मूळ गेमकडे झुकतं. तिसऱ्या गेममध्ये चार जणांनी मिळून शत्रूंच्या लाटा परतवायच्या आणि शेवटी यान येईपर्यंत तग धरायचा असा खेळ होता. सुरुवातीला कुणालाच त्याच्याकडून फार आशा नव्हती आणि पाहता पाहता लोक त्यावर जीव टाकायला लागले. क्रोगन, क्वेरियन, गेथ, व्होलस अशा जमातींचे सैनिक होऊन खेळता यायचं, पाच मोठे विस्तार फुकट मिळाले. लेजेंडरीत हे अजिबात नाही. ज्यांनी मित्रांबरोबर रात्र रात्र गोल्ड या अवघड पातळीच्या लढती मारल्या, त्यांचा हा विरह खरा आहे आणि लेजेंडरीचं कितीही कौतुक केलं तरी तो भरून येत नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मूळ गेममध्ये मल्टिप्लेअर न खेळणाऱ्याची युद्धसज्जता निम्मीच धरली जायची. एकटा खेळणाऱ्याने कितीही मित्रराष्ट्रं गोळा केली तरी आकडा अर्ध्यावर यायचा, आणि सुरुवातीच्या काळात उत्तम शेवटापर्यंत पोचणं त्यामुळे फार अवघड होतं. लेजेंडरीत हे गणित काढून टाकलंय. आता तिन्ही गेममध्ये तुम्ही काय केलंत यावरच सज्जता ठरते. तिन्ही गेम मन लावून खेळणाऱ्याला त्याचं फळ मिळतं. एकट्याने गोष्ट जगायला येणाऱ्यांसाठी हीच व्यवस्था न्याय्य आहे.

टालीच्या फोटोचा किस्साही याच गेमचा. क्वेरियन जमात कायम मुखवट्यात असते, दोन गेमभर चाहते टालीचा चेहरा कल्पत होते. तिसऱ्या गेममध्ये तिने एक फोटो दिला, आणि तो कुठल्याशा विकाऊ फोटोसंग्रहातल्या मॉडेलचा थोडी रंगरंगोटी केलेला निघाला. लेजेंडरीत तो बदलून नवा चेहरा दिलाय. तो गेमच्याच जगातला वाटतो, आणि टालीवर जीव असलेल्यांना एवढा मान मिळायलाच हवा होता.

राहून गेलेलं आणि मॉडवाल्यांनी भरून काढलेलं

पहिल्या गेमचा 'पिनॅकल स्टेशन' हा जोडभाग लेजेंडरीत नाही, कारण त्याचा मूळ कोड खराब झालेला निघाला. गोष्टीच्या दृष्टीने तो लहानसा, लढाईच्या सरावाचा भाग. पण पूर्णतेचा आग्रह असणाऱ्यांनी पीसीवर तोही मॉडच्या, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या फेरफाराच्या, रूपात लेजेंडरीमध्ये बसवून दिला.

मॉडचा विषय निघालाच आहे तर तिसऱ्या वाटेबद्दलही बोलू : मूळ गेम घ्यायचे आणि त्यांना चाहत्यांनी केलेले मॉड लावायचे. ए लॉट ऑफ टेक्स्चर्स, म्हणजेच अलॉट नावाच्या संचाने मूळ गेमचे पोत इतके सुधारले की लेजेंडरी येण्याआधी पुष्कळ लोक तेच खेळत होते. तिसऱ्या गेमचा आनंदी शेवट करणारा मॉडही फार लोकप्रिय होता. पीसीवर कष्ट घ्यायची तयारी असेल तर ही वाट आजही चालते. पण ती सोपी नाही. आधी जोडभाग, मग पॅच, मग मॉड, शेवटी पोत, हा क्रम चुकला तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय मूळ पहिल्या गेममध्ये एएमडीच्या कित्येक प्रोसेसरवर नोव्हेरिया आणि आयलॉस या ग्रहांवर पात्रांच्या जागी काळे ठोकळे दिसतात. त्यावरचा इलाजही चाहत्यांनीच शोधला. आणि मूळ तिन्ही गेमना पीसीवर कंट्रोलर चालत नाही, त्यासाठीही मॉडच लागतो. लेजेंडरीत कंट्रोलर सरळ जोडा आणि टीव्हीसमोर बसा. रुंद 21:9 स्क्रीनसुद्धा चालते.

लेजेंडरीसाठीही आता मॉडची मोठी फळी उभी आहे. पीसीवाल्यांनी मॉडच्या ओढीने जुन्याकडे जायचं कारण त्यामुळे बरंच कमी झालंय.

तुमच्याकडे मशिन कोणतं आहे

प्लेस्टेशन 4 किंवा 5 असेल तर निवड करायचीच नाही. प्लेस्टेशन 3 च्या डिस्क तिथे चालत नाहीत, लेजेंडरी हाच पर्याय.

डिस्क घालता येणारा एक्सबॉक्स असेल तर प्रश्न रंजक होतो. एक्सबॉक्स 360 चे तिन्ही मूळ गेम नव्या एक्सबॉक्सवर चालतात, आणि जुन्या डिस्क सेकंड हँड बाजारात कमी पैशांत मिळतात. मात्र दुसऱ्या गेमसोबत एकदाच वापरता येणारा कोड यायचा, ज्यातून झईदसारखा साथीदार आणि काही मोहिमा मिळायच्या. आधीच्या मालकाने तो वापरलेला असणार. जोडभाग वेगळे घ्यायला गेलात की स्वस्तातली डिस्क महाग पडते. सेलमध्ये लेजेंडरी बऱ्याचदा मोठ्या सवलतीत येते, तेव्हा डिस्कच्या मागे लागू नका. पीसीच्या जुन्या डिस्क तर अजिबात घेऊ नका : तिसऱ्या गेमची की, म्हणजे गेम सुरू करायचा कोड, एका खात्याला कायमची चिकटलेली असते.

पीसीवर खरा प्रश्न जागेचा आणि ताकदीचा. लेजेंडरीला 120 जीबी जागा लागते, किमान 8 जीबी रॅम आणि जीटीएक्स 760 च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड. घरच्या ब्रॉडबँडला महिन्याची मर्यादा असेल, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवत असाल, तर 120 जीबी ही किरकोळ गोष्ट नाही. ऑफिसच्या कामाचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर मूळ गेम हाच शहाणपणाचा मार्ग. ते तिन्ही मिळून जागाही निम्म्याहून कमी घेतात आणि आजच्या साध्या लॅपटॉपवर सुखाने चालतात. स्टीमवरून लेजेंडरी घेतली तरी ईए या प्रकाशक कंपनीचं ॲप लागतंच, हेही लक्षात असू द्या. ईए प्ले किंवा गेम पास अल्टिमेटची वर्गणी भरत असाल तर वेगळी खरेदी करण्याआधी ती यादी बघा. जानेवारी 2022 पासून लेजेंडरी त्या यादीत आलेली आहे.

भाषेची एक सूचना. दोन्हींपैकी कुठल्याच आवृत्तीत मराठी किंवा हिंदी नाही. संवाद इंग्रजी, वेगवान, आणि सैन्याच्या बोलीतले. उपशीर्षकं पहिल्यापासून चालू ठेवा. अडलेली नावं आणि संज्ञा गेममधल्या कोडेक्स या कोशात सापडतात, आणि त्यातल्या मुख्य नोंदी वाचूनही दाखवल्या जातात.

मग कुणी काय घ्यावं

नवा खेळाडू, बऱ्यापैकी मशिन : लेजेंडरी, आणि पहिल्या गेमपासूनच. दुसरा जास्त चांगला म्हणून तिथून सुरू करा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रेक्स, समेश, व्हर्मायर हे सगळं हातचं जाईल.

जुने गेम आधीच लायब्ररीत आहेत, पण कधी पूर्ण झाले नाहीत : पहिल्या गेमच्या नेमबाजीने कंटाळून सोडले असतील तर लेजेंडरीवर पैसे घालवायला हरकत नाही, कारण नेमका तोच अडसर तिथे दूर झालाय. वेळ नव्हता म्हणून सोडले असतील तर आहे त्यावरच पुढे चला, निदान जुना सेव्ह वाया जाणार नाही.

जुने तिन्ही मन लावून खेळलेले चाहते : मूळ ठेवाच, पुसू नका. मल्टिप्लेअर तिथेच आहे, लाल आकाशाचा ईडन प्राइमही तिथेच आहे. लेजेंडरी सेलमध्ये घ्या आणि या वेळी जे निर्णय तेव्हा घेतले नव्हते ते घ्या. ॲशलीला वाचवलं असेल तर केडनला वाचवा, राक्नी राणीला मारलं असेल तर सोडा. तिन्ही गेम आणि सगळे जोडभाग धरून शंभर तासांच्या आसपास जातात, तेव्हा दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी बघून सुरुवात करा आणि 'सिटाडेल' हा जोडभाग अगदी शेवटच्या मोहिमेच्या तोंडावर खेळायला राखून ठेवा.